आई झोपलीय

१

कान तपासण्याच्या कामात घाबरण्यासारखं काही नसतं. माणूस पेटीत बसतो, मी बाहेर बसते. पेटी म्हणजे आमची ध्वनिरोधक केबिन. आतून जाड फोम, रबरी कडा असलेलं जड दार आणि माझ्या टेबलासमोर हातभर रुंद दुहेरी काच. आतल्या माणसाच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. मी यंत्रावरून बारीक बारीक आवाज सोडायचे, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. माझ्याकडे हिरवा दिवा लागतो आणि मी कागदावर खूण करते. उजव्या कानासाठी लाल गोळा, डाव्यासाठी निळी फुली. सतरा वर्षं झाली. नवरा म्हणतो, जगात पगार घेऊन फुलीगोळा खेळणारी तू एकटीच.

त्या दिवशी एका कारखान्याचे कामगार वार्षिक तपासणीला आले होते. चौथा माणूस क्रेनवाला. गलेलठ्ठ, हसरा, पेटीत मावेल की नाही अशी शंका यावी असा. त्याचा उजवा कान संपला. डावा सुरू करायच्या आधी मी दहा-बारा सेकंद थांबते, गोळे जोडून रेघ काढते. त्या वेळात हेडफोनमध्ये काहीच नसतं.

त्याच वेळात दिवा लागला. एकदाच.

मी माइकमध्ये विचारलं, "आता कशाला दाबलंत?"

"आला ना आवाज."

"टूं असा?"

"नाही." तो विचारात पडला. "कुणी कूस बदलल्यासारखा. पलंगावर."

बाहेर रांगेतल्या दोघांनी ते माझ्या स्पीकरवरून ऐकलं आणि त्याच्या बायकोवरून काहीतरी चावट बोलले. मीही हसले. शांततेत माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं. मी समासात 'चुकीचा प्रतिसाद' असं लिहिलं आणि डावा कान सुरू केला.

२

दुसऱ्या दिवशी मागावर काम करणारी एक बाई. तिसऱ्या दिवशी लायसन्स नवं करायला आलेला ट्रक ड्रायव्हर. दोघांनीही बटण दाबलं ते उजव्या आणि डाव्याच्या मधल्या त्याच रिकाम्या वेळात. मी विचारलं नाही. विचारायचा कंटाळा आला, असं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवसांत मला सगळ्याचाच कंटाळा येत होता, त्यामुळे ते खरंही वाटलं.

मग एक निवृत्त शिक्षिका आल्या. पंचाहत्तरीच्या, काठीवाल्या, पण कान माझ्यापेक्षा चांगले. त्यांनीही मध्येच बटण दाबलं. तपासणी संपल्यावर दार उघडून मी त्यांना हात दिला, तर त्या उठेनात.

"तुमच्याकडे आत कुणी आजारी असतं का हो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आत? या भिंतीपलीकडे जिना आहे, बाई."

"मग जिन्यात असेल कुणी. श्वास ऐकू आला. मोठा, लांब." त्या थांबल्या. "आपण उठायचं म्हणून श्वास घेतो ना, आणि मग उठतच नाही. तसला. माझे यजमान गेले त्या वर्षी मी रोज सकाळी असाच घ्यायचे, म्हणून ओळखला."

मी त्यांना बाहेर नेऊन बसवलं. मग परत येऊन पेटीत डोकं घातलं आणि कान दिला. आत काहीच नव्हतं. पेटी त्यासाठीच तर असते.

३

मी यंत्रवाल्याला बोलावून घेतलं. त्याने हेडफोन खोलले, वायरी तपासल्या, आवाज मोजायचं मीटर पेटीत ठेवलं आणि काटा कसा मेल्यासारखा पडून आहे ते मला दाखवलं. मग दार लावून स्वतः दहा मिनिटं आत बसला.

"ठणठणीत आहे," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "उलट आत छान वाटतं. तुम्हीच दमलेल्या दिसता, ताई."

काउंटरवर बसणाऱ्या मुलीला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, कारण ती बंद होत नाही. ती लगेच म्हणाली, "मी तेच सांगतेय महिनाभर! ताईंचा डबा रोज तसाच परत जातो."

तिचं खरं होतं. दमणं म्हणावं तर मी काही फार करत नव्हते. पण आंघोळ हे एक काम वाटत नसे, आठ कामं वाटत. उठायचं, टॉवेल शोधायचा, बादली लावायची, अशी. संध्याकाळी घरी गेले की मी पर्स खाली ठेवून म्हणायचे, "खारू, पाच मिनिटं पडते गं," आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटायचे. खारू म्हणजे माझी लेक, वय वर्षं नऊ. अडीचला शाळेतून येते, स्वतःच्या किल्लीने दार उघडते. बाप ड्रायव्हिंग शिकवतो, त्याला यायला सात वाजतात. मी पाच मिनिटं पडायचे आणि डोळे उघडायचे तेव्हा बाहेर ताटं मांडलेली असायची. खारूने कधी तक्रार केली नाही. फार शहाणी पोर आहे, असं मी अभिमानाने सांगायचे.

४

मीही शहाणी पोर होते.

आमच्या घरात तीन खोल्या होत्या आणि मधल्या खोलीचं दार बंद असायचं. आत आई असायची. मला आठवतं तेव्हापासून आई झोपलेली. काही दिवस ती उठायची, भराभर घर आवरायची, माझी वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे, आणि पुन्हा दार बंद. बाबा टपाल कचेरीत होते. चिडके वगैरे मुळीच नव्हते. ते फक्त ओठांवर बोट ठेवायचे. "हळू. आई झोपलीय."

हळू कसं राहायचं ते आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. नळाची धार भांड्याच्या कडेवर धरायची, म्हणजे आवाज होत नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. शिंक आली तर उशीत. हसू आलं तर अंगणात. कडेची कुठली फरशी हलते, ते मला अंधारातही पायाला कळायचं. दारापलीकडच्या आवाजांवरून मी दिवसाचा अंदाज घ्यायचे. पलंग करकरला तर कूस बदलली. बांगडी वाजली तर पाणी पिणार. काहीच नाही, तर आजही नाही. शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी मी दाराशी जाऊन उभी राहायचे. आत जायला नाही. नुसती उभी.

मी तेरा वर्षांची असताना आई गेली. कशाने, ते आमच्याकडे कुणी मोठ्याने बोललं नाही. हळू बोलायचीच सवय होती सगळ्यांना.

माझ्या कानांचं पुढे नोकरीत सोनं झालं, असं मी गमतीने म्हणते. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना ते फार आवडतं.

५

त्या रविवारी मी दादाला फोन केला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लांबच्या शहरात लिफ्ट बसवायचं काम करतो. आमचं बोलणं म्हणजे तब्येत, हवा, पोरांचे मार्क. पण शिक्षिकाबाईंचं ते श्वासाचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

"दादा, आई दुपारी खरंच झोपलेली असायची?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"आज काय मध्येच?"

"सांग ना."

"झोपलेली कुठली. जागी असायची."

"तुला काय माहीत?"

"मी गेलो होतो एकदा आत. सहलीच्या चिठ्ठीवर सही हवी होती आणि बाबा नव्हते. दार ढकललं तर भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे टक्क उघडे. मला बघून म्हणाली, तू कधी आलास? मी म्हटलं, कधीचा घरातच आहे. ताईटली पण आहे." ताईटली म्हणजे मी. किती तरी वर्षांनी मी ते नाव ऐकत होते. "तर म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही घरात असता? मला वाटायचं, मला ठेवून सगळे निघून जाता. आवाजच येत नाही कुणाचा."

माझ्या हातातला फोन कानाला चिकटल्यासारखा झाला होता.

"मग तू काय केलंस?"

"सही घेतली आणि आलो." दादा खाकरला. "चौदा-पंधरा वर्षांचा होतो गं मी. बाबांना काय सांगणार होतो? दुसऱ्या दिवसापासून आपलं पुन्हा तेच. चवड्यांवर." मग जरा वेळाने म्हणाला, "तुझ्याकडे पाऊसपाणी काय म्हणतंय?"

६

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी रेडिओला म्हटलं, "माझे कान तपास." तिला यंत्र चालवता येतं, मीच शिकवलंय. खूश होऊन ती माझ्या खुर्चीत बसली. मी पेटीत शिरले आणि दार ओढून घेतलं.

सतरा वर्षांत मी तिथे पुसायला, झाडायला गेले असेन, हेडफोन घालून कधी बसले नव्हते. आपलं रक्त कानांत वाहताना ऐकू येतं. उजव्या कानात टूं, टूं आले, मी बटण दाबत गेले. आवाज बारीक होत होत संपले. काचेपलीकडे रेडिओ मान खाली घालून गोळे जोडत होती.

मग पलंग करकरला.

मी खुर्चीवर बसले होते. आत पलंग नव्हता, जिन्यात नव्हता, त्या इमारतीत कुठे नव्हता. तरी तो कुठला पलंग ते मला कळलं, कारण दुसऱ्या पायाचं लाकूड आधी बोलतं आणि मग चौथ्याचं. पाठोपाठ तो श्वास. अगदी जवळ. हेडफोनमधून येत नव्हता. इतका जवळ की माझीच छाती वर झाल्यासारखी वाटली, आणि वर झालेली छाती खाली येताना मला वाटलं, नको, उद्या उठू.

मी काचेकडे पाहिलं. रेडिओला खूण करायची होती. काचेत रेडिओ नव्हती, अंधार होता, आणि अंधाराच्या तळाशी उजेडाची एक आडवी फट. बंद दाराखाली असते तशी. त्या फटीत मधोमध दोन काळे ठिपके होते. हलत नव्हते. ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला.

लहान मुलीचे पाय. दारापलीकडे कुणीतरी उभं होतं.

मला हाक मारायची होती. 'आत ये,' एवढंच. तोंड उघडायला किती कष्ट पडतात हे कुणाला सांगून समजणार नाही. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात एक ठिपका उचलला गेला, मग दुसरा, अगदी बेताने, आवाज होऊ नये अशा काळजीने. फट रिकामी झाली.

"ताई! अहो ताई!" रेडिओ दार उघडून माझा खांदा हलवत होती. तिचा चेहरा उतरला होता. "मी काचेवर किती ठोकलं! डावा कान कधीचा सुरू केलाय. तुम्ही डोळे उघडे ठेवून बसल्यात आणि एकदाही दाबलं नाहीत."

"किती वेळ झाला?"

"पंचवीस मिनिटं. तुम्ही घरी जा बघू. डॉक्टरांना मी सांगते."

ती पहिल्यांदाच एवढ्यावर गप्प झाली.

७

साडेतीनला मी घरी पोचले. जिना चढताना स्वतःला समजावलं, रक्तदाब असेल. पोटात काही नव्हतं. कालच दादाशी ते सगळं बोलणं झालं होतं, मेंदूने त्याचंच चित्र काढलं. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि मला पटतही होतं. मी किल्ली फिरवली आणि दार उघडलं.

खारू बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत होती. माझ्याकडे पाठ होती. पायांत मोजे होते, दोन दोन जोड, एकावर एक. कंपासपेटी रुमालावर ठेवलेली, रुमालाची घडी घातलेली. ती खोडरबर त्या रुमालावर ठेवत होती, असं, जसं अंडं ठेवावं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

मी पर्स खाली ठेवली. पट्ट्याची कडी वाजली.

खारूने मान वळवली नाही. नुसतं बोट ओठांवर नेलं.

"हळू ना, बाबा. आई झोपलीय."

मी म्हणाले, "खारू, मी आहे."

ती वळली. माझ्याकडे पाहिलं. मग बंद दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गणित चुकल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला.

"तू कधी आलीस?"

"आत्ता."

"मग आत कोण आहे?" ती कुजबुजत होती. "मी शाळेतून आले तेव्हापासून झोपलीय. कूस बदलते मध्ये मध्ये. रोजच असतेस ना तू."

"मी रोज पाचनंतर येते, बाळा."

"मला वाटायचं, माझं लक्ष नसताना तू खाली जाऊन येतेस," ती म्हणाली.

दारापर्यंत सहा पावलं आहेत. प्रत्येक पाऊल टाकताना मला जे वाटत होतं त्याला भीती म्हणता येणार नाही. मला झोप येत होती. इतकी झोप की ते दार उघडावं, आत जाऊन तिच्या शेजारी पडावं, आणि खारू काय, नवरा काय, जेवतील, वाढतील, शहाणी माणसं आहेत. त्या झोपेचीच मला नंतर भीती वाटली. आजही वाटते.

मी दार उघडलं. जेवढं दिसलं तेवढंच सांगते. पडदे ओढलेले होते. पलंगावर भिंतीकडे तोंड करून कुणीतरी पडलं होतं. चादर खांद्यापर्यंत, केस उशीवर पसरलेले. पाठ होती. ती पाठ मी आयुष्यभर पाहिली होती, पण ती आईची होती की आरशात कधी न दिसणारी माझी स्वतःची, हे मला सांगता येईना. खांदा वर झाला. मोठा, लांब श्वास.

"आम्ही घरात आहोत," मी म्हणाले.

घशातून जेमतेम हवा निघाली. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा ओरडले.

"आम्ही घरातच आहोत! कुठेही गेलेलो नाही! तू झोपलीयेस असं वाटलं म्हणून बोलत नव्हतो!"

खारू माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने माझा दंड घट्ट धरला होता.

"तू पण बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही. पण मोठ्याने."

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्याने बोलता येत नव्हतं. हे मी, कान तपासणारी, इतके दिवस ऐकलं नव्हतं. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि सुरू केलं. "सात एके सात." कुजबुज. "सात दुणे चौदा." जरा मोठं. सात पंचे पस्तीसला तिचा आवाज फाटला. सात नव्वे त्रेसष्टला ती किंचाळत होती आणि रडत होती, आणि मीही तिच्याबरोबर.

सात दाहे सत्तर झाल्यावर आम्ही थांबलो. मी आत जाऊन पडदे सरकवले. पलंगावर चुरगळलेली चादर होती. सकाळी मी ती घडी करून ठेवली होती की नाही, मला आठवत नाही. तेव्हा मी फारशा घड्या करत नव्हते.

८

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकही विनोद केला नाही, यावरून मला कळलं की तो बरेच दिवस घाबरलेला होता. पुढच्या आठवड्यात तोच मला एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मला वाटलं होतं, त्या पेटीबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्ही घरात कुठे रडायचात?"

"रडत नव्हतो," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मी पुढे काही बोलेपर्यंत थांबल्या. चाळीस मिनिटं लागली.

गोळ्या सुरू आहेत. आंघोळ आता तीन-चार कामांवर आलीय. वाईट दिवस येतात, पण मी खोलीत न जाता बाहेरच्या खोलीत आडवी होते आणि खारूला सांगते, "मला बरं नाही वाटत आज, तू खेळ, आवाज कर." पहिले काही दिवस ती कर्तव्य म्हणून आवाज करायची. आता विसरून करते. पेटीत मी पुन्हा बसले नाही. मधल्या वेळात अजून कधी कधी दिवा लागतो. मी विचारत नाही, समासातही काही लिहीत नाही.

मागच्या रविवारी सकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका होते. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, फार मवाळ माणूस. तक्रार करायला आले होते आणि तक्रारीपेक्षा माफीच जास्त मागत होते. मी आधीच म्हणून टाकलं, "खारूचं ना? सांगते तिला. हल्ली जरा जास्तच उड्या मारते."

"छे छे, पोरीचं काही नाही! पोरीने उड्या माराव्यातच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुपारचं म्हणतोय मी. बारा ते दोन. माझी पडायची वेळ असते हो. वर सारखं कुणीतरी चालत असतं."

बारा ते दोन आमच्याकडे कुणीच नसतं. खारू शाळेत, आम्ही दोघं कामावर.

"कुठून कुठे?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा, पण त्यांनी नीट आठवून सांगितलं. "आतल्या खोलीतून निघतं, बाहेरच्या दरवाजापर्यंत येतं, मग स्वयंपाकघरात. आधी पाय ओढत चालायचं. या आठवड्यात जरा उचलून टाकतंय. काल तर भांडीसुद्धा वाजली. पाहुणे आलेत का कुणी?"

आतून खारू कुणाशी तरी फोनवर खिदळत होती. मी दाराची कड धरून उभी होते. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्याच वेळी मला इतकं हलकं वाटत होतं की त्या काट्याचं काय करावं ते समजेना.

"थोडे दिवस चालू द्या, काका," मी म्हणाले. "सवय राहिलेली नाही."